सहा चाळीसचा पाव

६ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळ

प्रिय आत्या,

पोचलो. खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. खाली दिवसभर एक माणूस वाकड्या चाकांना हातोडीने ठोकत असतो. पहिल्याच दुपारी मी तरातरा जिना उतरून त्याच्याशी भांडून आलो. मग कळलं की घरमालक तोच. आता आमचं बरं चाललंय, म्हणजे मी दिसलो की तो हातोडी खाली ठेवतो आणि मी वर गेलो की उचलतो.

नोकरीवरही रुजू झालो. गावातल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी तपासायचं: आठला, अकराला, दोनला आणि पाचला. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे पाच थेंब टाकायचे, हलवायचं आणि जो रंग येईल तो पुठ्ठ्यावरच्या रंगांशी जुळवून बघायचा. काय जास्त झालं, काय कमी झालं, लगेच समजतं. माणसासाठी अशी नळी असती तर माझं कॉलेज अर्ध्यावर सुटलं नसतं आणि तुला सात आठवडे इस्पितळाच्या बाकावर बसून लोकांच्या कवळ्या घासाव्या लागल्या नसत्या. डॉक्टरीणबाईंनी ‘बायपोलर’ म्हटलं तेव्हा बाबा खिडकीबाहेर बघत राहिले आणि तू म्हणालीस, “चला, माझ्याकडून याला काहीतरी वारसा मिळाला.” त्या दिवसांत मी तेवढं एकदाच हसलो होतो.

तुझ्या पाच खुंट्या भिंतीवर लिहून लावल्यात. उठणं सहा. पहिल्या माणसाशी बोलणं, वेळ रिकामी. काम सुरू आठ. रात्रीचं जेवण सात. झोप साडेनऊ. दिवस या पाचांवर टांगायचा, मग तो घसरत नाही, असं तू म्हणतेस. दुसऱ्या खुंटीचं काय करू? मी एकटा राहतो. आरसा चालेल का?

खरं सांगू? बावीस वर्षांचा माणूस साडेनऊला दिवा मालवतो हे कुणाला सांगायची सोय नाही. माझ्या वयाची पोरं तेव्हा कुठे शर्टाला इस्त्री करून बाहेर पडत असतात. असल्या माणसाकडे कोण मुलगी ढुंकून बघणार? मी म्हातारा झालोय, फक्त केस काळे राहिलेत.

तुझ्या नियमाप्रमाणे पत्र शिळं करून पाठवतोय. आज लिहिलं, रात्रभर उशाशी राहील, सकाळी वाचून मग टाकीन.

७ फेब्रुवारी, सकाळ. वाचलं. बाबांबद्दल दीड पान होतं, ते फाडलं.

तुझा,
किटली


१२ फेब्रुवारी

चि. किटलीस आत्याचे आशीर्वाद, आणि त्या हातोडीवाल्यांना माझी सहानुभूती.

आरसा चालणार नाही. तो नेहमी तुझ्याच बाजूने बोलणार.

बाकाचं काय घेऊन बसलास. मी दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवणारी बाई. टेकायला जागा आणि घासायला कागद मिळाला की माझं ऑफिस झालं. आज एका निवृत्त न्यायाधीशांचे दात टेबलावर आहेत. स्वतः साहेब कधी हसत नसत म्हणतात. दात मात्र सकाळपासून हसतायत.

आता ऐक. सव्वीस वर्षं मी या आजाराबरोबर नांदतेय, तेव्हा हे पुस्तकातलं नाही. पाचांत दुसरी खुंटी सगळ्यात कठीण, कारण ती दुसऱ्याच्या भिंतीत असते. माझी खुंटी म्हणजे आमचा रस्ता झाडणाऱ्या बाई. सव्वासहा. अकरा वर्षं झाली. मी म्हणते, आज धूळ कमी दिसते. त्या म्हणतात, तुम्हाला तसं दिसतं. संपलं संभाषण. दोन वर्षांपूर्वी मी सलग दोन दिवस फाटकात आले नाही, तर तिसऱ्या दिवशी त्यांनी झाडूच्या दांड्याने माझी खिडकी बडवली. त्या दिवशी अंथरुणातून उठायचंच नाही असा माझा पक्का बेत होता. पण खिडकीवर झाडू वाजत असताना माणूस किती वेळ उदास राहणार?

असं कुणीतरी शोध. रोज त्याच वेळी त्याच जागी असणारं, तब्येत न विचारणारं, आणि तू आला नाहीस तर ज्याच्या लक्षात येईल असं.

म्हातारपणाबद्दल मला शिकवू नकोस.

१३ला सकाळी: वाचलं, ठीक आहे.

आत्या


२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

प्रिय आत्या,

दुसरी खुंटी मिळाली. कोपऱ्यावर पावाचं दुकान आहे, साडेसहाला उघडतं. मी बरोबर सहा चाळीसला जातो. पाववाला पहाटे तीनपासून भट्टीसमोर उभा असतो. मळणं, भाजणं, विकणं, सगळं एकहाती. मी म्हणतो, एक लहान पाव. पाववाला विचारतो, कडेचा की मधला? मी म्हणतो, कडेचा. आठ दिवस हेच चाललंय, तरी रोज विचारतो.

बोलणं मोजकं. कोपरापर्यंत पीठ, थोडं भुवईवर. हसताना आधी एकच गाल हसतो, दुसरा मागून येतो. परवा एक गिऱ्हाईक पाव कडक निघाला म्हणून तावातावाने बोलायला लागलं. मी त्याच्या अंगावर धावलो, तर पाववाल्याने मलाच बाजूला सारलं आणि त्याला सांगितलं, “परवाचा पाव आज खाल्लात, तो कडक नाही तर काय होणार?” इतक्या शांतपणे, की तो माणूस दोन ताजे घेऊन गेला. आत्या, मला असं बोलता यायला हवं.

झोप सात तास वीस मिनिटं. तलावाच्या पाण्याचा रंग जागेवर. माझाही.

२३, सकाळ. वाचलं. भुवईचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

किटली


२८ फेब्रुवारी

चि. किटलीस,

तुझे पाववाले काका मला फार आवडले. साठीच्या पुढचे असणार. इतकी शांती त्याआधी येत नाही. या वयात पहाटे तीनपासून एकट्याने उभं राहायचं म्हणजे गुडघ्यांचं काय झालं असेल ते मी समजू शकते. त्यांच्यासाठी लोकरीच्या दोन गुडघेपट्ट्या विणून सोबतच्या पुडक्यात पाठवतेय. करड्या आहेत, मळखाऊ. मोठ्या मापाच्या केल्यात, भट्टीवाले अंगाने भरलेले असतात. माझा नमस्कार सांग.

तुझं पत्र अठरा ग्रॅम भरलं. हो, मी वजन करते. मेण मोजायचा काटा टेबलावर असतोच, पाकीट न फोडता आधी त्यावर ठेवते. हसू नकोस. एकोणतीस वर्षांची असताना मी तुझ्या बाबाला चारशे ग्रॅमचं पत्र पाठवलं होतं. त्यात नदीवर काचेचा पूल बांधायचा नकाशा होता आणि बांधकामाला त्याने नोकरी सोडून यावं असं लिहिलं होतं. तो खरंच आला, पण डॉक्टर घेऊन. पत्र त्याने अजून जपून ठेवलंय. पूल तसा वाईट नव्हता.

आत्या


७ मार्च, संध्याकाळ

प्रिय आत्या,

तुला एक सांगायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं. पाववाला ही पाववाली आहे. चोवीस वर्षांची आहे. तिचे गुडघे उत्तम आहेत.

पुडकं मी न उघडताच तिला नेऊन दिलं. म्हटलं, आत्याने पाठवलंय, ती फार छान विणते. रांगेत सहा माणसं. तिने सुतळी सोडली आणि त्या दोन करड्या गोष्टी वर धरल्या. एकेकीत तिची कंबर मावली असती. मला वाटलं, आता भट्टीत शिरावं. ती म्हणाली, “तुझ्या आत्याला मी किती वर्षांची आहे म्हणून सांगितलंयस?”  तिने पट्ट्या पॅंटवरूनच चढवल्या, वर सुतळीने बांधल्या आणि पुढच्या गिऱ्हाईकाला विचारलं, कडेचा की मधला. तेव्हापासून रोज घालतेय. म्हणते, भट्टीची धग लागत नाही.

मी लपवलं, कारण तुला कळलं की तू खुंटी बदलायला लावशील. आणि मला बदलायची नाही. मी सहाला उठतो ते सहा चाळीससाठी. उरलेला दिवस त्या दीड मिनिटाचा सांगाडा आहे. तिचा आवाज दिवसभर नळीतल्या रंगासारखा माझ्यात पसरत जातो. हे वाक्य सकाळी खोडीन बहुतेक.

८, सकाळ. नाही खोडलं.

किटली


१२ मार्च

चि. किटलीस,

छत्तीस ग्रॅम. बरं.

गुडघ्यांबद्दल तिची माफी माग. मग मला सांग ती हसली का.

खुंटी बदल असं मी म्हणणार नाही. पण टांगणाऱ्याने खुंटीला सांगायला हवं की बाई गं, मी तुझ्यावर दिवस टांगतोय. तू तिला आजाराबद्दल सांगितलेलं नाहीस, हे तू न लिहिताही मला वाचता येतं.

तुला ठाऊक नसलेली गोष्ट सांगते. तुझ्या जन्माआधी मला एक माणूस आवडला होता. घड्याळं दुरुस्त करायचा. त्याच्यापासून मी गोळ्या शिवणाच्या डब्यात लपवल्या. एकदा शर्टाचं बटण शोधताना त्याला सापडल्या. तो गोळ्यांना नाही घाबरला रे, डब्याला घाबरला. आणखी कशाकशात काय काय आहे, असं विचारलं आणि गेला. मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर थांबला असता की नाही, माहीत नाही. पण निदान गोळ्यांमुळे गेला असता.

दिवसाउजेडी सांग. दोन वाक्यांत सांग. रडू नकोस, भाषण देऊ नकोस.

आत्या


२ एप्रिल

आत्या आत्या आत्या

सगळं जमून आलंय, तुला कळणारच नाही किती. मी आता तिच्याकडेच कामाला जातो, पहाटे तीन ते सात, मग थेट तलाव. मी तिला म्हटलं मला शिकव आणि ती हो म्हणाली, आत्या ती हो म्हणाली, तिला एकटीला ओझं होतंच. झोप दोन तास पुरते, तीही सवय म्हणून घेतो. पाण्याला आता नळी लागत नाही, नुसतं बघून कळतं, तलावाचे साहेब म्हणाले तरी नळी वापर, त्यांना डोळे नाहीत त्याला मी काय करू. मी त्यांना तसं सांगितलं. गोळ्या रविवारपासून अर्ध्या केल्यात, हाताला कंप येतो, कणीक मळणाऱ्या माणसाला कंप परवडत नाही.

सोबत एकवीस पानांचा नकाशा आहे. नीट बघ. तलावाच्या मधोमध तरंगतं पावाचं दुकान. लोक पोहत येतील, पाव घेतील, पोहत जातील. भट्टीच्या उष्णतेने पाणी कोमट राहील. हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही? पान चौदावर पाव भिजू नये म्हणून टोपीची रचना आहे. बाबांना हिशोबाला घेऊ, ते एकदम खूश होतील, मी त्यांना आज चार वेळा फोन केला.

आणि रविवारी. रविवारी सकाळी दुकान गच्च भरलेलं असताना मी पिठाच्या पोत्यावर उभा राहून तिला मागणी घालणार आहे. सगळ्यांसमोर. आजाराचं सांगायची आता गरज नाही, तो गेलाय. मला आतून कळतं.

पत्र शिळं करायला वेळ नाही, लगेच टाकतोय.


५ एप्रिल, शुक्रवार, दुपारी बारा
(किटलीच्या दाराखालून सरकवलेली चिठ्ठी)

किटली,

एकशे बारा ग्रॅम.

मी आलेय. खाली हातोडीवाल्यांकडे एका उलट्या बादलीवर बसलेय. ते म्हणाले, सकाळी तू रस्त्यावर मोठमोठ्याने बोलत गेलास आणि तुझ्या अंगभर पीठ होतं. तू येईपर्यंत मी हलणार नाही. रागावलेली नाही. डॉक्टरीणबाईंशी बोलणं झालंय, त्या चारला भेटतील.

नकाशा वाचला. टोपीची रचना चांगली आहे. मला भूक लागलीय, आलास की आधी दोघं खाऊ.

आत्या


१८ एप्रिल

चि. किटलीस,

सुखरूप पोचले. तुझ्याकडे दहा दिवस राहिले, त्यातले पहिले चार तू झोपलास आणि उरलेले सहा भिंतीकडे तोंड करून पडलास, म्हणून हे तिथे बोलता आलं नाही. पत्रात बरं असतं. तुला मध्येच कूस बदलता येत नाही.

तू मला एवढंच सांगितलंस की तिने तुला हाकललं आणि तू परत त्या कोपऱ्यावर पाय ठेवणार नाहीस. आता तिच्याकडून ऐकलेलं सांगते. ते दहाही दिवस सहा चाळीसला तुझ्या खुंटीवर मी उभी होते. खुंटी रिकामी ठेवायची नसते.

पहिल्या दिवशी तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, “गुडघ्यांच्या आत्या?” मी म्हटलं हो. तिने विचारलं, कडेचा की मधला. मी मधला म्हटलं, तरी तिने कडेचाच बांधला. म्हणाली, त्याचा कडेचा असतो.

तिचं म्हणणं असं. तू कामाला यायला लागल्यावर पहिला आठवडा मजेत गेला. मग तुझं बोलणं थांबेना. कणीक फुगायला झाकून ठेवली की तू दर पाच मिनिटांनी झाकण काढून बघायचास, फुगली का, फुगली का. शुक्रवारी सगळा घाणा बसला, दोनशे पाव विटांसारखे निघाले. तेव्हा तिने ॲप्रन काढायला लावला आणि घरी जाऊन झोप म्हणाली. तू ‘माझा अपमान केलास’ म्हणालास, पोतं लाथाडलंस, आणखीही बरंच बोललास. ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती म्हणाली, तुला कामावरून काढलंय. तू तेवढं ऐकून रस्त्यावर गेलास. तिचं दुसरं वाक्य दुकानातच राहिलं. ते मी तुला आणून देतेय: “गिऱ्हाईक म्हणून नाही काढलं.”

आजाराबद्दल मी तिला अवाक्षर बोललेले नाही. ते तुझं आहे. तिने रोज एकच विचारलं, झोपतो का. मी म्हटलं झोपतो.

तलावाच्या साहेबांनी तुला सोमवारपासून यायला सांगितलंय. नळी घेऊन ये म्हणाले.

बाबाचा फोन आला होता. त्या चार फोनांबद्दल काही बोलला नाही. तरंगत्या दुकानाला नांगर लागेल, एवढंच म्हणाला. तुझा बाप आहे तो.

आत्या


२९ एप्रिल, संध्याकाळ

प्रिय आत्या,

गोळ्या पूर्ण. झोप आठ तास. कंप आहे, त्यासाठी डॉक्टरीणबाईंनी वेळा बदलून दिल्यात. सहाला उठतो. पण गेले नऊ दिवस उठून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहत होतो. तिथून कोपरा दिसतो. काय तोंड घेऊन जाऊ? जिने आपल्याशी फक्त चांगलंच केलं, तिच्यावर ओरडलेलं सगळं मला आठवतं, एकही शब्द पुसला गेलेला नाही. असं वाटत होतं की हा आजार आहे तो मी, आणि पाव आणायला जाणारा तो कुणी दुसराच होता.

आज हातोडीवाले लवकर आले. मला पायरीवर बघून हातोडी खाली ठेवली नाही, तशीच हातात धरून म्हणाले, इथे बसायचं असेल तर चाक धर. मग मी चाक धरलं आणि त्यांनी ठोकलं. पाच मिनिटांनी म्हणाले, हात थरथरतोय तुझा, जा पाव घेऊन ये. मी गेलो. सहा बेचाळीस झाली होती.

रांगेत तीन माणसं. माझी पाळी आल्यावर तिने वर न बघता विचारलं, कडेचा की मधला. तू सांगितलेली दोन वाक्यं मी पायरीवर बसून नऊ दिवस पाठ केली होती. म्हटलं, “मला बायपोलर आहे, त्यात माणूस कधी फार वर जातो, कधी फार खाली. तू माझी दुसरी खुंटी आहेस.”

ती म्हणाली, खुंटी म्हणजे? मग मला सगळं सांगावं लागलं, पाचही. दोन वाक्यांची सव्वीस झाली असतील. माझ्या मागच्या टोपलीवाल्या बाईंनी विचारलं, आणि चौथी कुठली म्हणालात? मी म्हटलं जेवण, सातला. त्या म्हणाल्या, चांगली सवय आहे, आमच्याकडे दहा वाजतात. मी तिची माफी मागितली. तेही रांगेसमोरच झालं, पण पोत्यावर न चढता.

तिने हात पुसले. म्हणाली, “मी तीनला उठते आणि संध्याकाळी सातला झोपते. चार वर्षांत एकाही लग्नात जेवणापर्यंत जागी राहिलेली नाही. घड्याळाला बांधलेला तू एकटाच आहेस असं वाटलं होतं का तुला?”

आत्या, मला खरंच तसं वाटलं होतं. साडेनऊला झोपणारा म्हणून मी लाजेने मरत होतो, आणि ती माझ्या अडीच तास आधी झोपते. तिच्या दृष्टीने मी निशाचर आहे.

पुढे म्हणाली, परत तसा झालास तर परत काढीन, आणि बरा झालास की गिऱ्हाईक म्हणून परत घेईन. पण माझ्या दुकानात पुन्हा काही लाथाडलंस तर नाही. मी कबूल केलं. दुपारी जाऊन तिचे पाव भाजायचे चाळीस पत्रे घासून दिले, तळाशी चार वर्षांचं काळं होतं.

३०, सकाळ. वाचलं. आज सहा चाळीसला गेलो. तिने दुसरं काही विचारलं नाही, फक्त म्हणाली की रविवारी दुपारी दुकान बंद असतं आणि दोन-तीन तास ती जागी असते, येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी भेटू. आत्या, मला इतका आनंद झालाय की मला भीती वाटतेय. हा आनंदच आहे ना? की परत ते सुरू झालं?

किटली


४ मे

चि. किटलीस,

बत्तीस ग्रॅम. त्यात आनंद किती आणि दुसरं किती, ते माझ्या काट्याला कळत नाही. मलाही सव्वीस वर्षांत पहिल्या दिवशी कधी कळलेलं नाही.

एकच खूण सांगते. खरा आनंद तुझ्याकडे काही मागत नाही. तू जेवलास, झोपलास, गोळी घेतलीस, तरी तो सकाळी असतोच. दुसरा असतो त्याला हे सगळं सोडून आत्ताच्या आत्ता त्याच्याबरोबर यायला हवं असतं. म्हणून रोजचं रोज कर आणि बघ काय उरतं ते. उरलं तर ते तुझं.

त्या रविवारी चांगला शर्ट घाल. इस्त्री कर.

आत्या


१३ मे, सोमवार, संध्याकाळ

प्रिय आत्या,

उरलं. दोन आठवडे पाचही खुंट्या सांभाळल्या, तरी रोज सकाळी ते होतंच.

काल गेलो. इस्त्री केली होती. ती बसथांब्यावर उभी होती आणि तिला ओळखायला मला दोन सेकंद लागले, कारण पीठ नव्हतं. तिच्या केसांचा रंग मला आजपर्यंत माहीत नव्हता, आत्या. काळाच आहे. तरी मी बघत राहिलो.

बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, तिथे कालवा आहे. कालव्याकाठी चालताना तिने मला खूप विचारलं. वर असताना कसं वाटतं, खाली असताना कसं. मी सांगितलं. ती तोंड कसनुसं न करता ऐकत होती, जसं गिऱ्हाईक कडक पाव घेऊन आलं की ऐकते. मग मी तिला विचारलं की तुझी सगळ्यात मोठी भीती कुठली, तर म्हणाली, गजर न वाजणं. आम्ही इतके हसलो की एक बदक उडून गेलं.

मग थांब्याच्या बाकावर बसलो. ती तिच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याची गोष्ट सांगायला लागली, तो एकदा दुकानात मदतीला आला होता. म्हणाली, “आणि भावजींनी भट्टीचं दार उघडलं, तर आत” आणि थांबली. मी वाट बघितली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. सहा वाजून दहा मिनिटं. ती झोपली होती.

मी हललो नाही. श्वासही अर्धाच घेत होतो. कालव्यावर ऊन पडलं होतं. माझ्या खांद्यावर ती मुलगी झोपली होती जिच्यासाठी मी पोत्यावर चढणार होतो, आणि पोत्यावर न चढताच ती तिथे होती. मला वाटलं, इथेच बसून राहावं. रात्र होऊ दे, पाऊस येऊ दे, उद्याचं आठचं पाणी कुणी का तपासेना.

सहा पस्तीसची बस लांब वळणावर दिसली. ती पकडली तर मी सातच्या सुमाराला जेवायला बसू शकत होतो. पुढची साडेसातला. जेवण साडेआठला, गोळी त्यानंतर, झोप अकरा. एका दिवसाने काय होतंय, असं कुणीतरी माझ्या आत फार गोड आवाजात म्हणत होतं. तो आवाज मी ओळखतो. मागच्या वेळी नळी टाकून दे म्हणाला होता तोच.

पण झोपलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी जेवणासाठी उठवणारा माणूस म्हणजे कोण? असल्या माणसाला ती परत कशाला भेटेल? आत्या, बस जवळ येत होती आणि मी तिच्या झोपलेल्या तोंडाकडे बघून मनातल्या मनात तिचा निरोप घेत होतो.

मग तिचा खांदा हलवला. म्हटलं, “ऊठ. बस आलीय. मला सातला जेवायचंय.”

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, बसकडे बघितलं. मी काहीतरी समजावून सांगणार होतो, शब्दही जुळवले होते.

ती म्हणाली, “मग पाच मिनिटं आधी नाही का उठवायचंस? आता पळावं लागणार,” आणि माझा हात धरून पळत सुटली. बस थांब्याच्या पुढे जाऊन उभी राहिली होती, आम्ही मागून ओरडत गेलो, तिची एक चप्पल निघाली, मी ती उचलली, ड्रायव्हरने मान बाहेर काढून बघितलं आणि थांबला. बसमध्ये बसल्यावर तिने चप्पल घातली, म्हणाली जेवायला काय आहे, आणि उत्तर ऐकायच्या आत परत झोपली.

सात वाजून चार मिनिटांनी आम्ही माझ्या खोलीत जेवायला बसलो. दोन ताटं. चौथ्या घासाला तिची मान कलायला लागली, तेव्हा मी तिला दोन गल्ल्या चालत तिच्या दारापर्यंत पोचवलं. किल्ली तिला कुलुपात घालता येईना, ती मी घातली. दार अर्धं उघडून ती म्हणाली, “पुढच्या रविवारी एकपासूनच भेटू. म्हणजे भावजींचं पूर्ण सांगता येईल.”

किटली